गाडी कुणाच्या नावावर?



जळगाव-धुळ्याकडे नवं लायसन्स मिळालेली मुलगी जुनी स्पोर्ट्स बाईक घ्यायची म्हणाली, की घरातून सवाल येतो, ‘तुले कसाले फटफटी?’ पाठोपाठ सल्ला : स्कूटी घे. माझा स्कूटीवर राग नाही. पण काय झेपतं ते तिने स्वतः बसून ठरवावं.

खरोखरच बसून पाहावं. २०१८ नंतरच्या यामाहा आर-१५ ची सीट जमिनीपासून ८१५ मिलिमीटर उंच, पल्सर १५० ची ७८५. हा फरक सिग्नलला पाय टेकताना कळतो. शिकाऊ हाताला दीडशे सीसी पुष्कळ झाले, ‘बघा, बाईसुद्धा!’ हे दाखवायला मोठं इंजिन घेऊ नये. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, तेव्हा त्यानंतरची मिळाली तर उत्तम. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर पुन्हा जायचं.

आणि कागद. पैसे तिचे, आरसी बुक भावाच्या नावावर, ‘सोयीसाठी’! महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, तरी हक्कसोड पत्रावर बहिणींच्या सह्या होतच राहिल्या. तीही सोयच होती. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर नाव आपलंच घालायचं, कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ मागायचा, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा.