दीड जीबी गेला कुठे?

दोस्तांनो, या सदराला येणाऱ्या पत्रांत हल्ली एक तक्रार सारखी डोकावते. सकाळपासून एकही व्हिडिओ पाहिलेला नसतो, गेम उघडलेला नसतो, आणि अकराच्या सुमाराला फोनवर मेसेज येऊन थडकतो, की आजचा निम्मा डेटा संपला! मग घरात आळ कुणावर येणार? अर्थात तुमच्यावर.

घरात फोन एकच असेल तर हे प्रकरण नुसत्या रुसव्याफुगव्यावर थांबत नाही. संध्याकाळी ताईला प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो आणि ती शेवटची तारीख असते. बाबांच्या दुकानात गिऱ्हाइकाने पैसे पाठवले, ते आले की नाही हे त्याच फोनवर बघायचं असतं. नेमका तेव्हाच कोटा खलास!

कोटा संपला म्हणजे होतं काय, तेही नीट पाहू. बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा दीड जीबी संपला की इंटरनेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. यातला 'बी' म्हणजे बिट, बाइट नव्हे बरं का! आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. ताईच्या दाखल्याचा फोटो २ एमबीचा, म्हणजे साधारण २००० किलोबाइट धरा. २००० भागिले ८, झाले २५० सेकंद. चार मिनिटांहून जास्त, तेही सगळं सुरळीत चाललं तर. तोवर अर्जाचं पान कंटाळून 'पुन्हा लॉग इन करा' म्हणून मोकळं होतं.

मग हा डेटा नेतो कोण?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून येत असे. मोडेम खरखर, चिर्रर्र असे आवाज करून जोडणी करायचा, काम झालं की जोडणी तोडायची. तुमच्या आईबाबांना तो आवाज आठवत असेल. इंटरनेट चालू आहे की बंद, याबद्दल घरात कुणाला शंकाच नसायची. आताचा फोन मात्र चोवीस तास जोडलेला असतो आणि हूं की चूं करत नाही. पडदा काळा असतानाही आत कामं चालूच असतात.

यातलं एक काम मोठं गमतीचं आहे. समजा, एका वाड्यात वीस बिऱ्हाडं आहेत. पत्र आलं का हे बघायला प्रत्येक बिऱ्हाडातला माणूस दर मिनिटाला पोस्टात धावू लागला, तर वाड्याचा जिना कधी रिकामा राहील का? ॲपचंही तसंच झालं असतं. म्हणून अँड्रॉइड फोनमध्ये गूगलची आणि आयफोनमध्ये ॲपलची एकच जोडणी सतत चालू ठेवलेली असते. सगळ्या बिऱ्हाडांची मिळून दारावर एक घंटा! निरोप आला की ती वाजते आणि ज्याचं पत्र त्याला जाग येते. या घंटेला डेटा अगदी चिमूटभर लागतो. खरा खर्च होतो तो जाग आल्यावर. कुणी फोटो उतरवून घेतं, कुणी पुढचा व्हिडिओ आणून ठेवतं, कुणी स्वतःची नवी आवृत्ती मागवतं. शिवाय अशा प्रत्येक खेपेला फोनमधला रेडिओ जागा होतो आणि काम संपल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. बॅटरी उतरते त्याचं हेही एक कारण.

तेव्हा आधी मीटर वाचायचा. विजेचं बिल जास्त आलं तर आपण सगळे दिवे फोडत नाही ना! अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, आणि तिथे डेटा युसेज. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, पण 'डेटा' हा शब्द शोधलात की सापडेल. ॲपची यादी दिसते, सर्वात खादाड ॲप सर्वात वर. त्याच्या नावावर बोट ठेवलंत की बऱ्याच फोनवर दोन आकडे दिसतात. फोरग्राउंड म्हणजे तुम्ही ते ॲप वापरत असताना गेलेला डेटा, बॅकग्राउंड म्हणजे तुमच्या पाठीमागे गेलेला. हा दुसरा आकडा जरूर बाबांना दाखवा! तिथेच बॅकग्राउंड डेटा बंद करायचं बटणही असतं. आयफोनमध्ये सेटिंग्जमधलं मोबाइल डेटा उघडा. प्रत्येक ॲपपुढे आकडा असतो आणि एक बटण असतं. ते बंद केलं की ते ॲप फक्त वायफायवर चालतं.

बटण दिसलं की दाबलं, असं मात्र नको. व्हॉट्सॲपचा बॅकग्राउंड डेटा बंद केलात तर शाळेच्या ग्रुपवरचा 'उद्या सुट्टी' हा निरोप, तुम्ही शाळेच्या फाटकापाशी पोहोचून ॲप उघडाल तेव्हा दिसेल. त्यापेक्षा व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडा. मोबाइल डेटावर असताना आपोआप काय उतरवायचं, त्याच्या चार ओळी तिथे आहेत: फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट. चारही खुणा काढून टाका. निरोप येतच राहतील, फोटो मात्र तुम्ही बोट लावाल तेव्हाच उतरेल. समजा, चार ग्रुपवर मिळून दिवसाला ५ एमबीचे तीस व्हिडिओ येतात. १५० एमबी झाले, म्हणजे दीड जीबीचा दहावा हिस्सा गेला सुप्रभातात आणि वाढदिवसांत!

व्हिडिओच्या दर्जाचं गणितही करून बघा. ७२०पी म्हणजे चित्रात १२८० गुणिले ७२० ठिपके. ३६०पी म्हणजे ६४० गुणिले ३६०. भागाकार केलात तर बरोब्बर चौपट! चित्र दाबून पाठवतात, त्यामुळे डेटा अगदी चौपट लागतो असं नाही, पण फरक भरपूर पडतो. फोनच्या छोट्या पडद्यावर गोष्ट ऐकायला ३६०पी पुरे. गणिताचा तास असेल आणि फळ्यावरचे आकडे वाचता येत नसतील, तर खुशाल वाढवा. काटकसर अभ्यासाच्या मुळावर येता कामा नये. आणि ऑटोप्ले मात्र बंदच करा. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होणं, ही मला विचाराल तर न मागता वाढलेली जिलबी आहे.

आता सगळ्यात लबाड प्रकार. बाबांच्या फोनवर हॉटस्पॉट लावून तुम्ही लॅपटॉप जोडता. लॅपटॉपला काय वाटतं? वा, वायफाय मिळालं! त्यामागे बाबांचा दीड जीबी आहे हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? वायफाय म्हणजे भरपूर डेटा, असं समजून तो साठवून ठेवलेली अपडेट्स मागवायला लागतो. एकेक अपडेट काहीशे एमबीचं असू शकतं. तुम्ही प्रकल्पासाठी पुरंदरच्या किल्ल्याचं एक चित्र शोधत असता आणि अर्ध्या तासात कोटा साफ! यावर उपाय विंडोजमध्येच आहे. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' असं बटण असतं, ते चालू करा. मग बरीचशी अपडेट्स थांबून राहतात. फोनवर प्ले स्टोअरची अपडेट्स आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप 'फक्त वायफाय'वर ठेवा, ते वेगळं.

अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर नावाची एक सोयही आहे, ती २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून. ती चालू केली की बहुतेक ॲपना पाठीमागे मोबाइल डेटा मिळत नाही. मग दुकानाचं पैशाचं ॲप, व्हॉट्सॲप अशा दोन-तीन गरजेच्या ॲपना 'अनरिस्ट्रिक्टेड' म्हणून सूट द्यायची. एकच फोन असलेल्या घराला हा मार्ग मला सर्वात सोपा वाटतो.

डेटा वाचवून देतो म्हणणारी ॲप मात्र उतरवू नका. का, ते ऐका. इस्राएलमधल्या ओनाव्हो नावाच्या कंपनीची ॲप लोकांचा डेटा मोजून आणि वाचवून देत. २०१३ मध्ये फेसबुकने ही कंपनी विकत घेतली. पुढे तिचं 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे ॲप तुमच्या माहितीचं रक्षण करतो असं सांगून वाटलं जाई. प्रत्यक्षात फोनमधली सगळी ये-जा त्याच्यातून होत असल्यामुळे कोण कुठलं ॲप किती वेळ वापरतं, हे कंपनीला कळत होतं. कुंपणच शेत खात होतं म्हणा ना! २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून हटलं, २०१९ मध्ये बंद झालं, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने या प्रकरणी २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

आता वही-पेन्सिल घ्या. आज रात्री झोपताना डेटा युसेजमधला मोबाइल डेटाचा एकूण आकडा आणि पहिल्या पाच ॲपचे आकडे लिहून ठेवा. सकाळी कुणी फोनला हात लावायच्या आत पुन्हा वाचा आणि वजाबाकी करा. आयफोनचा आकडा आपोआप शून्यावर येत नाही, पण वजाबाकीला त्याने काही बिघडत नाही. घरात वायफाय असेल तर त्या रात्रीपुरतं बंद ठेवा, नाहीतर प्रयोग फसेल. फरक दहा-वीस एमबीचा निघाला तर काळजी नको. शंभराच्या वर गेला तर कुठलं ॲप रात्रभर जागं होतं ते यादीत बघा, त्याचं बटण फिरवा आणि दुसऱ्या रात्री हाच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही रात्रींचे आकडे मला कळवा. सर्वात खादाड ॲपची यादी आपण याच पानावर छापू!