जाकीट अंगात, पट्टी मेलेली

गेल्या महिन्यात पहाटे पावणेसहाच्या सुमारास एका सफाई कामगार बाईंना दवाखान्यात आणले. मुख्य रस्त्याच्या कडेला झाडत असताना मागून टेंपोची धडक बसली होती. नडगीचे हाड मोडले होते, डोक्याला चार टाके घालावे लागले. जिवावरचे पायावर निभावले म्हणायचे. टेंपोवाला पळून गेला नव्हता, तोच त्यांना घेऊन आला होता आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "डॉक्टर, शप्पथ सांगतो, दिसल्याच नाहीत हो."

बाईंच्या अंगात नारिंगी जाकीट होते. म्हणजे नियमाप्रमाणे सारे ठीक! पण त्याच्या पट्टीवर मी बॅटरी मारून पाहिली, तर पट्टी जुन्या चिंधीसारखी राखाडीच राहिली. "मावशी, हे जाकीट कधी मिळालं?" म्हणून विचारले. "दोन दिवाळ्या झाल्या सायेब. पण मळकं कधी घातलं न्हाई. रोज सोडा लावून, ब्रश मारून धुते." बाई स्वच्छतेच्या कामातल्या, त्यांनी जाकीटही मनापासून स्वच्छ ठेवले होते. त्या धुण्यानेच पट्टी मेली हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही तोवर विचारावेसे वाटले नव्हते.

या जाकिटात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. झगझगीत पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसासाठी. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण हा रंग शोषतो आणि ते दिसणाऱ्या उजेडात परत देतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला तो इतर कापडांपेक्षा उठून दिसतो. रात्री मात्र त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही, कारण गाडीच्या दिव्यात हे किरण फारसे नसतात. रात्रीचे काम पट्टीचे. आपल्याकडे तिला सरसकट 'रेडियम' म्हणतात. रेडियम नावाच्या धातूशी तिचा काडीचाही संबंध नाही. तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा लोलक असतात आणि ते आलेला उजेड आला त्याच वाटेने माघारी पाठवतात. म्हणूनच बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पट्टी मंद दिसते, पण हेडलाइटच्या मागे बसलेल्या ड्रायव्हरला ती पेटल्यासारखी दिसते.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही आहे हे ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर तरी लागतात. भरलेल्या ट्रकला, किंवा ओल्या रस्त्यावर, त्याहून जास्त. दिवे डिपरवर असतील तर गडद कपड्यांतला माणूस पुष्कळदा याहून जवळ आल्यावरच दिसतो. त्यात ड्रायव्हरला मोतीबिंदूची सुरुवात असेल आणि समोरून प्रखर दिवे येत असतील तर बोलायलाच नको. चाळिशी उलटलेल्या, रात्री गाडी चालवणाऱ्या वाचकांनी डोळे तपासून घ्यावेत, हे जाता जाता.

आणखी एक गंमत आहे. गुन्नर योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त ठिपके चमकत असले, तरी माणूस चालू लागताच बघणाऱ्याला 'हा माणूस' असे क्षणात कळते. नुसत्या पाठीवरची चमकती पट्टी मैलाचा दगड किंवा उभी ट्रॉलीही वाटू शकते. घोट्यावरची, मनगटावरची पट्टी हलते आणि माणूसपण सांगते. शिवाय डिपरचा उजेड खाली पडतो, म्हणजे पायांवर आधी. जाकीट परवडत नसेल त्यानेही दोन्ही पायांत पट्ट्या बांधाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांना मागे रिफ्लेक्टर लावतात ते चांगलेच. पण गाडीशेजारून चालणाऱ्या गाडीवानाच्या पायात काय असते? बहुधा काहीच नाही. पहाटे फिरायला जाणारे आपले निवृत्त मास्तरही गडद स्वेटर आणि माकडटोपी घालून डांबरी सडकेवरून चालतात.

जाकीट घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखालच्या चकाकीवर जाऊ नये. नुसते चंदेरी कापड तिथे खऱ्या पट्टीपेक्षा भारी दिसते! दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाकीट टांगून आठ-दहा पावले मागे यावे, बॅटरी कानशिलाशी, डोळ्याच्या रेषेत धरावी. पट्टी पांढरीशुभ्र पेटली तर खरी. फ्लॅश लावून मोबाईलवर फोटो काढला तरी कळते. पट्टीची रुंदी ५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. युरोपीय मानकाच्या दुसऱ्या वर्गाला अर्धा चौरस मीटर झगझगीत कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. ५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीची लांबी मग २.६ मीटर होते. शिंप्याच्या टेपने मोजता येते. आपल्याकडेही आय.एस. १५८०९ हे भारतीय मानक आहे, लेबलवर ते पाहावे. आपल्या उन्हाळ्यात जाळीदार कापडच बरे. बंद कापडाखाली घाम साचतो, घामोळे येते, आणि मग माणूस जाकीट काढून हँडलला अडकवतो. चेन मात्र लावलेली हवी. उघड्या जाकिटाची पुढची अर्धी पट्टी काखेत जाते.

आता धुण्याचे. ब्रश नको, सोडा नको, ब्लीचिंग तर नकोच. आपटणे, पिळणे, पट्टीवर इस्त्री फिरवणे, सगळे बंद. जाकीट उलटे करून साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे, कारण कडक उन्हाने रंग लवकर विटतो. रोजची धूळ, चिखल ओल्या फडक्याने हलकेच टिपला तरी पुरे; चिखल बसलेली पट्टी चकाकत नाही. किती धुण्यांपर्यंत पट्टी टिकेल हे चांगल्या जाकिटाच्या लेबलवर लिहिलेले असते. तिथे २५ लिहिले असेल आणि आपण रोज धुतले, तर महिन्याच्या आत तो आकडा संपतो. आमच्या मावशी त्याच जाकिटात दोन दिवाळ्या काढून बसल्या होत्या.

म्हणून ही जबाबदारी मी कामगारावर टाकायला तयार नाही. ठेकेदार वर्षातून एकदा, तेही फोटोपुरते, जाकिटे वाटतो आणि अपघात झाला की "आम्ही दिले होते" म्हणतो. किमान दोन जाकिटे प्रत्येकी, दर तीन महिन्यांनी बॅटरीची तपासणी, मेलेली पट्टी दिसली की त्याच दिवशी बदली, आणि हे सारे मजुरीतून एक पैसा न कापता, एवढे टेंडरच्या अटींत लिहायला हवे. सर्वांत कमी दराची निविदा घ्यायची म्हणून रुंदी आणि मानक बघायचेच नाही, ही काटकसर शेवटी सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात येऊन उभी राहते.

मावशींचे प्लास्टर अजून पाच आठवडे आहे. तेवढे दिवस मजुरी नाही. जुने जाकीट घरी पाठवताना त्याची पट्टी मी कात्रीने कापून टाकली, नाहीतर धाकट्या जावेने तेच घालून कामावर जायचे ठरवले होते.