पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे : मानासाठी की ओळखीसाठी?

आपल्या संघाचे संकेतस्थळ सुरू झाले ही आनंदाची गोष्ट होय. ज्या तरुण सभासदांनी खटपट करून ते उभे केले त्यांचे प्रथम अभिनंदन केले पाहिजे. आमच्यासारख्या जुन्या माणसांच्या हातून ते होणे नव्हते. तथापि ते उघडल्यावर प्रथम जे दृष्टीस पडते, त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. वर संघाच्या इमारतीचे चित्र आहे. त्याखाली कोट-टाय घातलेले दोन गोरेपान गृहस्थ एकमेकांचा हात हाती घेऊन हसत आहेत. हे गृहस्थ कोण? रविवार पेठेत तर त्यांना कोणी पाहिलेले नाही. तांदूळ घेण्यास आले असते तर निदान हमालांनी तरी ओळखले असते. कुठल्याशा परदेशी चित्रसंग्रहातून ते उचललेले दिसतात. आणि ज्यांच्या श्रमावर संघ चालतो ते अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व समितीचे सभासद मात्र क्रमांक, नाव, हुद्दा अशा तीन रकान्यांच्या कोष्टकात दाटीवाटीने बसवलेले आहेत. ज्यांचे चेहरे दिसावयास हवेत त्यांचे दिसत नाहीत, आणि ज्यांचा आपल्याशी सुतराम संबंध नाही ते हसत उभे!

माझे नम्र मत असे की, त्या कोष्टकाच्या जागी पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे द्यावीत. परंतु ती कशासाठी द्यावयाची, याचा विचार आधी झाला पाहिजे. छायाचित्र म्हणजे मान, अशी जी समजूत आपल्यात घट्ट बसली आहे ती तशीच ठेवून चित्रे लावली, तर उपयोगाऐवजी उपद्रवच व्हावयाचा.

व्यापार ओळखीवर चालतो हे व्यापाऱ्यांना सांगणे नको. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर धान्य तळहातावर घेतले की मालाची पारख होते. पण उधारी द्यावयाची ती माल पाहून नव्हे, माणूस पाहून. आपल्या पूर्वजांच्या हुंडीव्यवहारात शहाजोग नावाचा एक प्रकार होता. त्या हुंडीचे पैसे कागद घेऊन येईल त्या कोणासही मिळत नसत. पेठेत ज्याची पत आहे, ज्याला चार लोक ओळखतात, अशा शहाच्याच हाती ते दिले जात. कागद अस्सल असूनही भागत नसे. त्यामागे ओळखीचा माणूस उभा असावा लागे. ज्या समाजाने ही पद्धत शेकडो मैलांच्या व्यवहारात सांभाळली, त्याच समाजाच्या संघाने आपल्या सभासदांना माणसांऐवजी रकाने दाखवावेत, याचे नवल वाटते.

यात तोटा काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण देतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आगाऊ बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. तोवर हा कर मुख्यत्वे नोंदलेल्या ब्रँडच्या मालापुरता होता. त्या आठवड्यात पेठेत एकच गोंधळ होता. अशात खानापूर तालुक्यातील एक किरकोळ दुकानदार माझ्याकडे आले. ५० किलोचे पोते फोडून सुटा तांदूळ विकला तर कर भरावा लागेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न. सुट्या मालावर हा कर नव्हता. उत्तर एका वाक्याचे होते. पण ते ठाऊक नसल्यामुळे चार दिवस त्यांनी गिऱ्हाइकांना तांदूळ देणेच बंद ठेवले होते. कर २५ किलोपर्यंतच्या पोत्यावर असल्यामुळे २६ व ३० किलोंची पोती बाजारात येऊ लागली आहेत, हेही त्यांना माझ्या गादीवरच कळले. मी म्हटले, "अहो, तुम्ही संघाचे सभासद ना? मग कचेरीत का विचारले नाही?" ते म्हणाले, "अण्णा, अकरा वर्षे वर्गणी भरतो आहे. पण तिथे विचारायचे कोणाला? ओळखीचे कोणी नाही." चिटणिसांचे नाव त्यांनी वार्षिक अहवालात वाचलेले होते. आणि दैवयोग असा की, आम्ही बोलत असतानाच चिटणीस स्कूटरवरून समोरून गेले. ना यांनी त्यांना ओळखले, ना त्यांनी यांना.

चार दिवसांची विक्री बुडणे ही लहान दुकानदारास लहान गोष्ट नव्हे. मोठ्या अडत्याला संघाची फारशी गरज पडत नाही. त्याच्या पदरी कर-सल्लागार असतो. संघाची खरी गरज ज्याला आहे, तोच संघाच्या जिन्यावर अडखळतो.

मग आजवर हे कसे सुचले नाही? याचे कारण, मला वाटते, छापखान्यात आहे. जुन्या स्मरणिका ज्यांनी चाळल्या असतील त्यांना आठवेल, की पूर्वी छायाचित्र छापावयाचे म्हणजे त्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे. बारीक जाळीतून घेतलेली प्रतिमा धातूच्या पत्र्यावर उतरवायची, ती आम्लाने कोरायची, मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा, असा तो खटाटोप. शिवाय ठिपके नीट उठावेत म्हणून गुळगुळीत आर्ट पेपर वेगळा घालावा लागे. एका चित्राला एवढा खर्च, म्हणजे तो सोसणाऱ्याचेच चित्र छापले जाणार, हे ओघाने आलेच. देणगी मोठी तर पान पूर्ण. मध्यम तर एका पानात चौघे. आणि वर्षभर हिशेब लिहिणाऱ्याचे नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत. त्यात अन्याय होता असे मी म्हणत नाही. देणगीदारांचा तो हक्कच होता. पण त्यातून छायाचित्र ही बक्षिसी आहे अशी भावना रुजली. ब्लॉकचे दिवस केव्हाच गेले. आज मोबाईलवर घेतलेल्या चित्रास खर्च नाही आणि जागेची टंचाई नाही. समजूत मात्र राहून गेली.

काही वडीलधाऱ्यांचा आक्षेप याच्या उलट बाजूने आहे. स्वतःचा चेहरा जगाला दाखवणे हे विनयाला शोभत नाही, आपल्या परंपरेत ते बसत नाही, असे ते म्हणतात. या भावनेचा मी आदर करतो. तथापि परंपरेचाच दाखला हवा असेल तर आबूच्या देलवाडा येथील लूणवसही पाहून यावी. तेराव्या शतकात वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी ते मंदिर बांधविले. त्याच्या हस्तिशालेत संगमरवरी हत्तींच्या मागे त्या कुटुंबातील पुरुषांच्या मूर्ती आहेत, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नींच्याही आहेत. मंदिर कोणी उभे केले हे पुढच्या पिढीला पाहता यावे, यात त्यांना संकोच वाटला नाही.

पत्नींचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या समितीत आज दोन भगिनी आहेत. कोष्टकात नुसती आद्याक्षरे आणि आडनाव असल्यामुळे त्या भगिनी आहेत हेही वाचणाऱ्यास समजत नाही. आमच्या गल्लीतील एका दिवंगत सभासदाच्या पत्नीने धैर्याने दुकान पुढे चालविले. परवाने स्वतःच्या नावे करून घेण्यासाठी त्या दोन वेळा संघाच्या कचेरीपर्यंत गेल्या, आणि आत पुरुषमंडळी बोलत बसलेली पाहून दोन्ही वेळा परत फिरल्या. "आत एखादी बाई आहे असे कळले असते, तर गेले असते हो," असे त्यांनी नंतर माझ्या घरी सांगितले. या ठिकाणी लाला दीनदयाळ यांची आठवण होते. सरधना येथील जैन कुटुंबात १८४४ साली जन्मलेले हे गृहस्थ इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस होते. तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. पडद्यातील स्त्रिया पुरुष छायाचित्रकारासमोर बसणार नाहीत हे जाणून, १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. त्या काळी एका व्यावसायिकाला जी अडचण दिसली आणि जिच्यावर त्याने उपाय केला, ती आज आपल्या समितीला दिसू नये काय?

आता सर्वांत गंभीर आक्षेप, तो फसवणुकीचा. एखाद्या प्रतिष्ठित माणसाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर लावून, "मी अमुक बोलतो आहे, अडचणीत आहे, तातडीने पैसे पाठवा," असे निरोप धाडणारे भामटे सर्वत्र सुटले आहेत. आमच्या पेठेतही असा निरोप आला होता आणि एका तरुणाने पैसे पाठविलेही. तेव्हा छायाचित्रे प्रसिद्ध करून आपण चोरांच्या हाती किल्ली देत आहोत, असे खजिनदार म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. चेहरा दाखविल्याने फसवणूक टळते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण त्या भामट्याने वापरलेले छायाचित्र संघाकडून मिळविलेले नव्हते. ते एका लग्नसमारंभातले होते. लपवून ठेवण्याजोगे आता काही उरलेले नाही. त्या तरुणाला अध्यक्षांचा चेहरा ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो खात्री करून घेण्याचा मार्ग. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली कचेरीचा एकच दूरध्वनी क्रमांक असावा, घरचा किंवा खासगी नसावा. आणि संघ निरोपावाटे कधीही पैसे मागत नाही, हे ठळक अक्षरांत लिहावे. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हेही तेथेच सांगावे. ज्याचे चित्र लावावयाचे त्याची लेखी संमती घ्यावी, आणि कोणी नको म्हटले तर आग्रह करू नये.

चित्रे कशी असावीत याविषयी माझी मते जरा ठाम आहेत. हार घातलेले, शाल पांघरलेले, उद्घाटनाची फीत कापतानाचे चित्र नको. स्टुडिओतले, निळ्या पडद्यापुढचे, वीस वर्षांपूर्वीचे काळ्याभोर केसांचे तर नकोच नको. ते पाहून गेलेल्या माणसाला समोरचे गृहस्थ त्यांचे वडील वाटावयाचे. प्रत्येकाने आपल्या गादीवर, आपल्या वखारीत, कामाच्या वेशात बसावे आणि सरळ पाहावे. खाली हुद्द्यापेक्षा कामाला महत्त्व द्यावे. "सहचिटणीस" या शब्दाने कोणाला काय कळते? "परवान्यांचे काम पाहतात, मंगळवारी व शुक्रवारी दुपारी चार ते सहा कचेरीत भेटतात," असे लिहिले म्हणजे कळते. आपल्या भागात हे सारे मराठीबरोबर कन्नडमध्येही असावे. पुष्कळ सभासदांच्या घरची पुढची पिढी कन्नड शाळेत शिकलेली आहे.

क्रमावरून वाद होतील, हे मी गृहीत धरतो. अध्यक्ष आधी, मग बाकीचे नावाच्या अक्षरक्रमाने, सर्वांचा आकार सारखा; एवढा नियम करावा आणि वाद तेथेच मिटवावा. देणगीदारांसाठी स्मरणिकेची पाने आहेतच.

चित्रे लावणे सोपे आहे, काढणे अवघड. मुदत संपलेले पदाधिकारी तीन-तीन वर्षे तसेच झळकत राहतात, आणि त्यांना गाठणारा सभासद "मी आता समितीत नाही" हे ऐकून परततो. त्याहून वाईट म्हणजे दिवंगत माणसाचे चित्र विद्यमान म्हणून राहणे. घरच्यांना त्याने किती यातना होतात हे सांगावयास नको. तेव्हा वार्षिक सभेनंतर पंधरा दिवसांच्या आत सर्व चित्रे तपासण्याची जबाबदारी एका नावाने नेमलेल्या माणसावर टाकावी. "समिती पाहील" म्हणजे कोणीच पाहणार नाही.

आणखी एक सूचना, जी कित्येकांना रुचणार नाही. अध्यक्षांच्याही आधी, सर्वांत वर, संघाच्या कचेरीतील दिवाणजींचे छायाचित्र असावे. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतात. दिवाणजी वीस वर्षे त्याच टेबलाशी बसलेले आहेत. दूरध्वनी तेच उचलतात, अर्ज तेच भरून देतात, कोणत्या कामासाठी कोणाकडे जावे हे तेच सांगतात. खानापूरच्या त्या दुकानदाराला भेटावयाचे होते ते वस्तुतः त्यांनाच. गेल्या महिन्यात मी हे त्यांच्याजवळ बोललो, तेव्हा ते लाजले आणि म्हणाले, "अण्णा, माझे कशाला?" समितीने पुढच्या सभेत हा विषय घेतला तर पेठेतला फोटोवाला दोन दुपारांत सर्वांची चित्रे काढून देण्यास तयार आहे, मी त्याला विचारून ठेवले आहे. दिवाणजींनी त्या दिवशी टोपी घालावी की नाही, हे मात्र त्यांनीच ठरवावे.