भंगारात जाण्याआधी...

'व्हिंटेज कार' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चकाचक पॉलिश केलेली रोल्स रॉइस, फेटा बांधलेले मालक, झेंडा दाखवणारे प्रमुख पाहुणे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात रंगीत फोटो. दिल्लीत स्टेट्समनची रॅली १९६४ साली सुरू झाली, तेव्हापासून आपल्या डोक्यात जुन्या गाड्यांचं हेच चित्र फिट्ट बसलंय. छानच असतं ते, वाद नाही! पण मित्रांनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला जुन्या गाड्यांचा इतिहासच नाही का? आहे ना! फक्त तो पॉलिश केलेला नाही, चिखलाने माखलेला आहे. म्हणूनच कोणी त्याची नोंद ठेवत नाही.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा कार्बोरेटरला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. मिस्त्री लोक 'कार्बेटर' म्हणतात, मीपण तेच म्हणते.)

थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्कराच्या कितीतरी जीप आपल्या देशात 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. हलकी बॉडी, चारही चाकांना ताकद, साधं इंजिन. जणू आपल्या जंगलासाठीच बनवलेली! २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तोपर्यंत ताडोबापासून भामरागड-सिरोंचापर्यंत सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. तसल्या रस्त्यांवर सायब, डॉक्टर, मास्तर, बाळंतीण, मतपेटी, सगळ्यांना पोहोचवणारं वाहन म्हणजे जीप. पुढे कमांडर आली, ट्रॅक्स आली आणि आपली 'काळीपिवळी' झाली. बाजाराच्या दिवशी आत किती बसले आणि मागे किती लटकले, हे मोजायची हिंमत कंडक्टरलाही नसायची!

आणि ताडोबाची जिप्सी? १९८५ ला बाजारात आली, २०१९ च्या सुमारास तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे मोहर्ली गेटवर आज जी जिप्सी उभी दिसते, तिची नवी बहीण आता कारखान्यातून येणार नाही. ती आत्ताच 'जुनी गाडी' व्हायला लागली आहे, आपल्या डोळ्यांसमोर. आपण मात्र वाघाचा फोटो काढतो, गाडीचा नाही.

आता मुद्द्यावर येते. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालणार नाही. महाराजांच्या गॅरेजमधल्या गाडीसाठी ही अट ठीक आहे. ती चाललीच किती? आपल्याकडच्या जीपचं काय? पेट्रोल परवडेना म्हणून मालकाने तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. माणसं जास्त बसावीत म्हणून बॉडी लांब केली. सुटा भाग मिळेना म्हणून लेथवर बनवून घेतला. नियमाने ती व्हिंटेज नाही. पण मला विचाराल तर हे बदल म्हणजेच तिचा इतिहास! कोणत्या साली डिझेल परवडलं, कोणता रस्ता कधी झाला, कोणत्या तालुक्यात लेथ होती, हे सगळं त्या बदललेल्या गाडीवर लिहिलेलं आहे. मूळ रूपातली गाडी फक्त कारखान्याची गोष्ट सांगते. बदललेली गाडी गावाची गोष्ट सांगते.

वेळही फार नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या भंगारात जायला लागल्या. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना सूट आहे, बाकीच्यांना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा पेपरांनी किती हळहळ व्यक्त केली! कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी, तिला निरोप मिळायलाच हवा होता. पण आपल्या काळीपिवळीला निरोप कोण देणार? ती गुपचूप कापली जाते आणि वजनावर विकली जाते.

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर ओकतात, जाऊ द्या की भंगारात. बरोबर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरचं नाव देशातल्या अति प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अगदी वर टाकलं होतं. इथली हवा आपण रोज श्वासात घेतो, त्यामुळे जुनी डिझेल जीप रोज रस्त्यावर चालवा असं मी अजिबात म्हणणार नाही. ब्रेक धड नसलेली गाडी घाटात नको, आणि शाळेची पोरं बसवून तर नकोच नको. माझं म्हणणं एवढंच की गाडी जाऊ दे, पण तिच्यासोबत तिचं ज्ञान जाऊ नये.

हे ज्ञान कुठे आहे? मिस्त्रींच्या हातात आणि कानात. एक उदाहरण देते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७ वर जातो. तेव्हा जुनी पेट्रोल गाडी चालता चालता बंद पडते. का? पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि यांत्रिक पंप वाफ ओढू शकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. पुस्तकात यावर जेमतेम दोन ओळी असतात, परीक्षेत फार तर दोन मार्क! जुना ड्रायव्हर काय करायचा? पंपावर ओलं फडकं टाकायचा, सावलीत एक बिडी ओढायचा आणि गाडी चालू करायचा. तसंच पॉइंटमधली फट. फीलर गेज नसेल तर जाड कागदाच्या घडीने सेट करायची. टायमिंग तर नुसतं कानाने. आम्ही बीएस-सिक्सच्या जमान्यातली पोरं, स्कॅनर लावतो आणि कोड वाचतो. स्कॅनर वाईट नाही. पण ज्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही, तिच्यासमोर आमची डिग्री गप्प उभी राहते. मिस्त्रींची मुलं आता या धंद्यात येत नाहीत. म्हणजे आणखी काही वर्षांनी सांगायलाही कोणी नसेल.

म्हणून एक सुचवते. वर्कशॉपमध्ये कापून ठेवलेलं इंजिन आपण जर्नलपुरतं बघतो आणि विसरतो. त्याऐवजी या सुट्टीत होस्टेलमधल्या प्रत्येकाने आपल्या गावच्या एका मिस्त्रीकडे एक दिवस बसायचं. राजुरा, मूल, अहेरी, धानोरा, कुठलंही गाव चालेल. एक गाडी निवडायची आणि लिहायचं: कोणत्या सालची, पहिलं इंजिन कोणतं, बदललं कधी, का, भाग कुठून आणले, नेहमीचा बिघाड कोणता आणि त्यावर इलाज काय. मालकाचं नाव नको, त्याची परवानगी मात्र घ्यायची. शंभर जणांनी लिहिलं तरी शंभर गाड्यांची वही तयार होईल. सरांना आणि मॅडमना विनंती, हे काम मिनी प्रोजेक्टमध्ये धरा. मार्क मिळाले की आमची पोरं काहीही करतात, हे तुम्हाला माहीतच आहे!

खर्च काय? एक वही, एक पेन आणि मिस्त्रीकाकांसाठी दोन कप चहा. रोल्स रॉइस सांभाळायला श्रीमंत लोक आहेत, ते सांभाळतील. जीपसाठी आपणच आहोत.