भुताचे सोंग आणि भुताचे भय

परवा आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मुले फासे टाकून, एकेकाने एकेक सोंग घेऊन गोष्ट रचण्याचा खेळ खेळत होती. एकजण 'कप्पा' झाला होता. हे जपानी पाणभूत. याच्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी असते. आपण वाकून नमस्कार केला की तेही वाकते, पाणी सांडते आणि बळ सरते! शिक्षकांच्या खोलीत गहजब उडाला. एकजण म्हणाले, "अंधश्रद्धा!" दुसरे म्हणाले, "परदेशी थेर!"

दोघेही चुकले. शिमग्यात काळ्या वेषातला, उंच टोपीचा संकासुर दारी येतो, तेव्हा पोरे धूम पळतात. पण ज्याने एकदा ती टोपी स्वतः घातली, तो पुन्हा संकासुराला भ्याला आहे काय? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख भोंदूवर आहे, सोंगाड्यावर नव्हे.

राहिले परदेशीपण. आमचा गिऱ्हाही पाण्यातलाच. १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचा इंग्रजी संग्रह छापला गेला. त्याला माहिती पुरवली खेडोपाडीच्या शाळामास्तरांनी! आम्ही त्यांचे वारस. आम्ही फळ्यावर 'भूत नाही' असे लिहिले, हे योग्यच केले. पण त्याबरोबर गोष्टही पुसून टाकली. जपान्यांनी भय टाकले आणि गोष्ट ठेवली.

तेव्हा मुलांचे फासे हिसकावू नका. त्यांना गिऱ्ह्याची गोष्ट सांगा. ती आपल्यालाच येत नसेल, तर छडी कोणाच्या हातावर बसायला हवी?