विश्लेषण : कोड खुला केला, पण निर्णयामागच्या कारणांचे काय?

कोणतेही मोठे सॉफ्टवेअर मोजक्या निर्णयांवर उभे राहते. माहिती कुठे साठवायची, कोणते काम फोनवर आणि कोणते सर्व्हरवर करायचे, हे एकदा ठरले की नंतर बदलणे महागात पडते. यालाच सॉफ्टवेअरचे आर्किटेक्चर म्हणतात. हे निर्णय कोण घेते आणि त्यांची नोंद कुठे राहते, हा प्रश्न आता सरकारी ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

ओपन सोर्समध्ये काय होते?

पायथॉन भाषेत मोठा बदल हवा असेल, तर ‘पेप’ हा लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. बदल का हवा, जुन्या कोडचे काय होईल, कोणते पर्याय का नाकारले, हे त्यात लिहितात. पेप ७०३ चे उदाहरण घ्या. पायथॉनमधील ‘जीआयएल’ या कुलपामुळे प्रोसेसरला कितीही कोअर असले, तरी एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवू शकतो. हे कुलूप ऐच्छिक करण्याचा हा प्रस्ताव. वेग घटेल, जुनी एक्स्टेंशन्स बिघडतील, या शंकांवर उघड चर्चा झाली. निवडून आलेल्या पाच जणांच्या स्टीअरिंग कौन्सिलने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, पण टप्प्याटप्प्याने आणि माघारीची वाट मोकळी ठेवून. ही सगळी कारणे आजही कोणालाही वाचता येतात.

कंपन्यांमध्ये?

तिथे बजेट आणि डेडलाइन पाहून आर्किटेक्ट बैठकीत निर्णय घेतात. काम लवकर होते, जबाबदार माणूसही ठरलेला असतो. पण तो नोकरी सोडून गेला की अनेकदा कारणही त्याच्यासोबत जाते. यावर मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सोपा उपाय सुचवला : प्रत्येक मोठ्या निर्णयाची एक-दोन पानी नोंद कोडसोबतच ठेवायची.

खुले म्हणजे लोकशाही का?

नाही. लिनक्स कर्नलमध्ये अखेरचा शब्द लिनस टोरवाल्ड्स यांचाच असतो. वादांचा त्रासही कमी नाही. पेप ५७२ वरून झालेल्या भांडणानंतर पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. म्हणजे मतदान हा ओपन सोर्सचा खरा गुण नव्हे. कारणे लिहून ठेवणे, हा आहे.

आपला संबंध काय?

सरकारी कामांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला झाला. ते स्वागतार्हच होते. पण ॲप ब्लूटूथसोबत लोकेशनही घेत होते, एवढेच कोड सांगतो. दुसरे कोणते पर्याय तपासले आणि ते का नाकारले, हे कोडमधून कळत नाही.

म्हणून जनतेच्या पैशातून बनणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्येच निर्णयांच्या नोंदी जाहीर करण्याची अट हवी. सुरक्षेची सबब इथे पुरेशी नाही. पासवर्ड आणि की गुप्त ठेवाव्यात. आराखडा लपवल्यावरच जी यंत्रणा सुरक्षित राहते, ती मुळातच कच्ची असते. शिवाय उद्या कंत्राटदार बदलला, तर नव्याला अंदाजाने काम करावे लागणार नाही. त्या अंदाजाचे बिल शेवटी आपणच भरतो.