खांबात उतरलेली वीज

चेन्नईतल्या अंबत्तूरची औद्योगिक वसाहत 1964 साली वसली ती तळ्यांच्या शेजारी. एकीकडे अंबत्तूरचे तळे, दुसरीकडे कोरट्टूरचे. डिसेंबर 2015 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये, मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी, इथल्या कारखान्यांत पाणी शिरले. चेन्नईत पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि सखल भागातले पाणी लवकर ओसरत नाही. याच शहरात आता रात्री प्रकाशझोतात चालणारी टर्फ मैदाने जागोजागी झाली आहेत. लोखंडी खांब, पाइपांचा सांगाडा, ओली जमीन आणि घामाने भिजलेली मुले. विजेच्या दृष्टीने याहून धोकादायक मांडणी सुचणे कठीण आहे.

मोठ्या मैदानांवरचे दिवे विझले की देशभर चर्चा होते. 12 मे 2022 रोजी वानखेडेवर आयपीएलमध्ये मुंबईविरुद्ध चेन्नईचा डाव सुरू झाला तेव्हा वीजबिघाडामुळे डीआरएस बंद होते आणि पायचीत ठरलेल्या डेव्हन कॉनवेला दाद मागता आली नाही. 9 फेब्रुवारी 2025 रोजी कटकला एका मनोऱ्याचे दिवे गेले, भारत-इंग्लंड सामना थांबला आणि ओडिशा सरकारने क्रिकेट संघटनेकडे खुलासा मागितला. लहान मैदानाचे संकट मात्र दिवे नीट चालू असतानाच उभे असते आणि ते कुणाला दिसत नाही.

एक हिशेब मांडतो. मैदानाच्या खांबांना 32 अँपियरचा एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे आणि खांबाजवळ अर्थिंगचा रॉड ठोकला आहे. त्या रॉडचा रोध 5 ओहम धरू. हा आकडा वाईट नाही. खडकाळ किंवा कोरड्या जमिनीत तो कितीतरी जास्त असतो. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा 1 ओहम धरू. आता वायरचे आवरण खरवडून फेज खांबाला टेकली, तर 230 भागिले 6, म्हणजे सुमारे 38 अँपियर प्रवाह जमिनीत जाईल. 32 अँपियरचा एमसीबी एवढ्याशा जादा प्रवाहाने तासाभरातसुद्धा पडेलच असे नाही. तो क्षणात पडावा यासाठी 160 ते 320 अँपियर लागतात. तोवर दिवे झगझगीत चालू राहतील आणि खांबावर सुमारे 190 व्होल्ट असतील. चेंडू काढायला गेलेला मुलगा त्याच खांबाला धरून वाकेल. ओल्या शरीरातून 30 मिलिअँपियर प्रवाह काही क्षण गेला तरी जीव जाऊ शकतो.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवणे हे त्याचे काम नाही. माणूस वाचवते ते आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, तीस मिलिअँपियरचा फरक पडला, की ते सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. ‘अर्थिंग केलंय, एमसीबी बसवलाय’ एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्या आयोजकांना हा फरक कुणीतरी समजावून सांगायला हवा.

आरसीसीबी बसवले तरी ते टिकत नाही, हे त्याहून गंभीर. प्रत्येक एलईडी फोकसच्या ड्रायव्हरमधून थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये झिरपतच असतो. वीस-पंचवीस फोकस एकाच आरसीसीबीवर घेतले की ही झिरप साठते, पावसाळी हवेत वाढते आणि ऐन सामन्यात अंधार होतो. मग वायरमनला बोलावले जाते, तो आरसीसीबी वगळून थेट जोडणी करून देतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. ही माझ्या मते सर्वांत घातक दुरुस्ती आहे. खरा उपाय म्हणजे खांबागणिक वेगळे सर्किट आणि वेगळे आरसीसीबी. एका खांबात दोष आला तर तेवढाच विझेल, खेळ चालू राहील आणि दोष कुठे आहे तेही कळेल. खर्च वाढतो, पण टर्फच्या गालिच्यापुढे तो किरकोळ असतो.

पाण्याचे काय होते ते चेन्नईने पाहिले आहे. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर चेन्नईतल्या कोडुंगैयूरमध्ये साचलेल्या पाण्यातल्या जिवंत वायरीने दोन लहान मुलींचा बळी घेतला. त्या खेळत होत्या. तिथे मैदानाचा खांब नव्हता, प्रकाशझोत नव्हता. दोष मात्र तोच, वीज चालू आणि तिला तोडणारे काही नाही. अंबत्तूरसारख्या ठिकाणी मैदानाचे पॅनेल 2015 आणि 2023 च्या पाण्याच्या पातळीच्या वर बसवले पाहिजे. खांबाच्या तळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर असलेली जोडपेटी पहिल्याच मोठ्या पावसात बुडते.

आपल्याकडे महाराष्ट्रातही स्थिती वेगळी नाही. गावोगाव प्रकाशझोतात कबड्डीच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. डीपीवरून तात्पुरती लाइन, कधी सरळ आकडा, बांबूला बांधलेले फोकस आणि प्रेक्षकांच्या पायाखालून गेलेली जोड दिलेली वायर. तीन फेजवर दिवे वाटताना न्यूट्रल सैल राहिला तर कमी भाराच्या फेजवरचा दाब चारशे व्होल्टच्या दिशेने चढतो आणि फोकस फुटतात. ते निदान दिसते. अर्थिंगची तुटलेली तार दिसत नाही, ती मोजावीच लागते.

मोजणी अवघड नाही. मेगरने आवरणाची, अर्थ टेस्टरने रॉडची आणि चाचणी यंत्राने आरसीसीबी किती मिलिसेकंदात पडते याची. परवानाधारक ठेकेदाराला एका मैदानासाठी एक सकाळ पुरते. चेन्नईत ती सप्टेंबरात व्हायला हवी, महाराष्ट्रात मे महिन्यात. आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण तर कुणीही दाबू शकते. मुलांना मैदानावर पाठवणाऱ्या पालकांनी फी भरताना नोंदवही मागावी: शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, प्रत्येक खांबाचे आकडे काय आले आणि खाली सही कुणाची आहे.